एकाच रोलवर दोन कॅमेरे

फिल्मवर फोटो काढणाऱ्यांचा आमचा धाराशिवात सहा-सात जणांचा गट आहे. नवीन कोणी आलं की तिसऱ्या-चौथ्या रविवारी एक प्रश्न येतोच: महागडा कॅमेरा घेऊन खरंच फरक पडतो का? सगळे माझ्याकडे बोट दाखवतात, कारण माझ्याकडे स्वस्त कॅमेराही आहे, महागही आहे आणि प्रत्येक रोलची नोंदवही आहे. मी चार मुद्दे सांगते. खर्च लेन्सवर करा, बॉडीवर नको. जुना घेतलात तर शटर तपासून घ्या. प्रकाश मोजायला शिका. आणि कॅमेरा हातात आला की पहिल्याच दिवशी घरातल्या माणसांचे फोटो काढा.

चौथा मुद्दा कशासाठी, हे कोणी विचारत नाही. विचारलं तर दाखवायला माझ्याकडे एक निगेटिव्ह आहे. गटात मी ती कधी नेलेली नाही.

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत सामान सांभाळते. काचेच्या नळ्या, बाटल्या, रसायनं, कपाटाच्या प्रत्येक फळीला यादी चिकटवलेली. घरीही तीच सवय. फिल्म मी शंभर फुटांच्या मोठ्या रोलमधून छोट्या डब्यांत भरून घेते, म्हणजे स्वस्त पडते. डबे पुन्हा पुन्हा वापरायचे, त्यामुळे सगळे एकसारखे काळे. प्रत्येकातून फिल्मचं टोक बाहेर राहतं, त्याला आम्ही जीभ म्हणतो. नियम साधा होता. कोऱ्या रोलची जीभ सरळ, वापरलेल्याची दुमडलेली. सहा रोल जमले की एकदम धुवायचे आणि नंबर तेव्हाच द्यायचा.

ही जीभ कॅमेऱ्यात बसेल अशी कापावी लागते. ते काम अप्पांचं. अप्पा म्हणजे माझे वडील. जळकोटला हायवेलगत त्यांचं शिलाईचं दुकान होतं. आई गेल्यावर मी त्यांना मशीनसकट माझ्याकडे आणलं. मोठ्या कात्रीनं एका झटक्यात ते जीभ कापायचे आणि मग अंगठ्याच्या नखानं तिच्यावरून रेघ ओढायचे, शिवण बसवतात तशी.

"अप्पा, हे कापड नाही," मी म्हणायचे.

"नसंना का. माझ्या हातून जाताना चुरगळलेलं जाऊ नये."

माझा जुना कॅमेरा म्हणजे प्लॅस्टिकची डबी. लेन्स बदलता येत नव्हती, कडेला चित्र पुसट व्हायचं. मला धातूचा, चांगल्या लेन्सचा हवा होता आणि त्यासाठी मी दोन वर्षं थांबले होते. गटातले निवृत्त ड्रॉइंगचे सर मला चिडवायचे. "मॅडम, भाकरी विस्तवावर भाजते, तव्याच्या किमतीवर नाही."

"तवा पातळ असला की करपते, सर."

अप्पांना किंमत सांगितली तेव्हा त्यांनी बोटांवर हिशेब केला. "एवढ्यात धा मशिनी आल्या असत्या गं."

"दहा मशिनींवर बसायला माणसं कुठं आहेत?"

"तेबी खरंय."

अप्पांचा धड असा एकही फोटो नव्हता. लग्नांच्या फोटोंत त्यांची टोपी तेवढी दिसायची. नवा कॅमेरा आला की मशीनवर बसलेला तुमचा एक नीट फोटो काढते, असं मी त्यांना कितीदा तरी सांगितलं होतं. एका दुपारी डबीतल्या रोलवर दहा फोटो उरले होते. ते पडून नकोत म्हणून मी त्यांना मशीनवर बसवलं. अंगात पांढरा सदरा, समोर माझ्या उशीचा अभ्रा.

"हा कच्चा टाका व्हय?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"कच्चाच. पक्की शिवण नव्या कॅमेऱ्यावर."

रोल संपला. मी जीभ दुमडली आणि डबा ट्रेमध्ये ठेवला.

पुढच्या महिन्यात नवा कॅमेरा आला. नवा म्हणजे मला नवा, कोणीतरी तीस वर्षं वापरलेला. त्याच आठवड्यात अप्पांना दम लागू लागला आणि ते खाटेवर पडून राहायला लागले. मी कॅमेरा त्यांच्या हातात दिला. त्यांनी वजन केल्यासारखा वरखाली केला. "मग, घाल की पक्की शिवण."

"आधी एक रोल टेस्ट करते, अप्पा. शटर नीट आहे का ते कळू दे. मग तुमचा."

"बरं. तुझं मशीन, तुझा नियम."

सरळ जिभांच्या खोक्यातून मी एक डबा घेतला. यादी केलेलीच होती. कंपाउंडची भिंत लेन्सचं तोंड लहान-मोठं करणाऱ्या प्रत्येक आकड्यावर, मग रस्ता, मग खिडकी आणि सगळ्यात शेवटी, कमी उजेडात लेन्स कशी चालते ते बघायला, अंधाऱ्या कोपऱ्यातलं अप्पांचं रिकामं मशीन. शेजारच्या खोलीतून ते म्हणाले, "आवाज लई भारी हाय गं."

तिसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं. तिथून ते परत आले नाहीत.

दिवसकार्याला फोटो हवा होता. धाकट्या भावानं आधार कार्डावरचा मोठा करून आणला. त्यात अप्पा कुणावर तरी वैतागल्यासारखे दिसतात. भाऊ म्हणाला, "आक्का, तू एवढी फोटोवाली, अन् अप्पाचा एक फोटो न्हाय?"

"आहे," मी म्हणाले. "धुवायचा राहिलाय."

आठ दिवसांनी मी ट्रे काढला. सहा रोल हवे होते, पाचच निघाले. पुन्हा मोजले, खोकी पालथी केली, नोंदवही पाहिली. शेवटी पाचही धुतले. चारांमध्ये अप्पा नव्हते. पाचवा नव्या कॅमेऱ्याचा टेस्ट रोल. तो गडद आणि गच्च आला. खिडकीशी धरला तर भिंतीच्या विटांवर दुसरंच काहीतरी होतं. माझ्या डबीनं काढलेला तुळजापूरचा बसस्टँड.

धुण्याआधी मी जिभा कापून टाकते. कचऱ्यातून पाचही तुकडे बाहेर काढले. एकावर दोन घड्या होत्या. एक माझी, ताजी. दुसरी तिच्याशेजारी, नखानं दाबून सरळ केलेली.

ट्रेमध्ये दुमडलेली जीभ दिसली, म्हणून अप्पांनी ती नीट केली आणि डबा कोऱ्यांत ठेवला. तोच मी टेस्टसाठी उचलला होता. मी त्यांना जिभा कापायला दिल्या होत्या. घडीचा अर्थ कधी सांगितला नव्हता.

शेवटच्या दहांपैकी नऊ फोटोंवर खिडकीचा उजेड पडला होता. तिथं अप्पा जवळजवळ उरले नाहीत. एकात टोपीची कड, एकात कात्रीची चमक. दहावा अंधाऱ्या कोपऱ्याचा. काळोखावर पांढरा सदरा तसाच उमटलाय. रिकामं मशीन इतकं स्वच्छ आलंय की सुईत राहिलेला दोरा दिसतो. अप्पा मात्र त्या मशीनवर बसलेले नाहीत. ते हातभर डावीकडे आहेत, जरा वर, पुसट. मान खाली घालून हवेतच कापड पुढं सरकवतायत.

मी तो फक्त ड्रॉइंगच्या सरांना दाखवला. त्यांनी भिंग लावून बराच वेळ पाहिला.

"लेन्स चांगली आहे, मॅडम," ते म्हणाले. मग पुसट अप्पांकडे बोट करून, "आणि हे?"

"प्लॅस्टिकची डबी."

त्यावर ते चिडवतील असं मला वाटलं होतं. त्यांनी भिंग पुसून परत दिलं.

भावाला मी रोल बिघडला म्हणून सांगितलं. त्याच्या भिंतीवर आधार कार्डाचाच फोटो आहे. आता मी प्रत्येक डब्यावर रोल संपताक्षणी नंबर लिहिते आणि जीभ आत ओढून घेते. फरक पडतो का, या प्रश्नाला मी गटात पडतो असंच सांगते, कारण तो पडतो. एकाच चौकटीत मी तो पाहिलाय.

मशीन अजून त्याच कोपऱ्यात आहे. तिथून जाताना मी डावीकडची हातभर जागा सोडून, वळसा घालून जाते. कामाला येणाऱ्या मावशींनी ते पाहिलं आणि परवा विचारलं, "तिथली फरशी हालती का वो, ताई?"

मी हो म्हणाले. आता त्याही तिथं पाय देत नाहीत.