साहेबांनी मान हलवली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. तुम्हालाच का सांगतेय, तेही मला नीट कळलेलं नाही — पण बसा जरा.

माझं जपानी अ‍ॅनिमेतून आलं. ताथवड्याच्या कॉलेजात बाकीच्या मुली कॅम्पस इंटरव्ह्यूच्या मागे होत्या, आणि मी हॉस्टेलच्या कॉटवर लोळत जपानी कार्टून बघत होते. मग मांगा, म्हणजे तिकडची कॉमिक्स. मग भाषेच्या परीक्षा, मग जपानी संस्कृतीवरची पुस्तकं. घरचे म्हणायचे, पोरगी वाया गेली. त्याच नादावर चाकणच्या एका जपानी कंपनीत दुभाषी म्हणून लागले, तेव्हा रहाटणीत आमच्या अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. माझा तोरा तर विचारूच नका.

त्या पुस्तकांत एक गोष्ट पुन्हापुन्हा यायची. जपानी साहेबाला चारचौघांत उणीव दाखवायची नाही. आडवळणाने बोलायचं. आणि त्याने मान हलवली, तर ‘ऐकलं’ एवढंच समजायचं — ‘हो’ नव्हे. कंपनीत नवीन येणाऱ्यांना हे मीच शिकवायचे.

संतोष आमच्या प्रेस लाइनचा, म्हणजे पत्रे दाबून घडवणाऱ्या मशीनींचा सुपरवायझर, मूळचा जवळच्याच माण गावचा. एका सकाळी जपानहून आलेले पाहुणे आमच्या जपानी साहेबांसोबत लाइनवर उभे होते. तेवढ्यात तो माझ्याजवळ आला. "मॅडम, सायबांना सांगा, ह्या प्रेसचा सेन्सर गेलाय. हात आत असला तरी मशीन थांबत न्हाई. आत्ताच्या आत्ता बंद ठिवायला लावा."

मी काय सांगितलं? — की सवडीने कधीतरी त्या सेन्सरवर एक नजर टाकता आली, तर बरं होईल. पाहुण्यांसमोर साहेबांची मान खाली जायला नको ना! मी किती जाणकार, किती सुसंस्कृत. साहेबांनी मान हलवली. आणि मी संतोषला म्हणाले, साहेब हो म्हणाले, लगेच बघून घेतायत.

जेवणाच्या सुट्टीनंतर मशीन चालू दिसली. दुरुस्ती झाली असणार, असं त्याने धरलं. अडकलेला पत्रा काढायला हात आत घातला. उजव्या हाताचा अंगठा तेवढा राहिला.

इथवर तुम्ही म्हणाल, चूक झाली. पण मी चुकीबद्दल बोलतच नाहीये.

चौकशी झाली. खोलीत दोन जपानी साहेब, संतोष आणि मी. दोन्ही भाषा कळणारी मी एकटी. बँडेजमधला हात मांडीवर धरून संतोष म्हणाला, "मी सकाळीच सांगितलं व्हतं, मशीन बंद ठिवा म्हणून — मॅडमनाच इचारा." हे मला जपानीत सांगायचं होतं. त्यात अवघड काय होतं? पहिल्या वर्षाला शिकवतात असं वाक्य. मी म्हणाले — तो म्हणतोय, मशीन बंद ठेवा हे सांगायचं राहून गेलं.

साहेबांनी मान हलवली. मग मी संतोषकडे वळून म्हणाले, साहेब मानायला तयार नाहीत.

ठपका त्याच्यावर आला आणि नोकरी गेली. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "मॅडम, तुमी तरी आमची बाजू मांडली." मला लाज वाटली. खोटं नाही सांगत — त्याहून जास्त हायसं वाटलं.

आता तो माणला एका सोसायटीच्या गेटवर बसतो. त्याच्या मुलीला, श्रुतीला, अ‍ॅनिमेचं भारी वेड. दर रविवारी तो तिला माझ्याकडे जपानी शिकायला पाठवतो. मुलीला परक्याकडे नको, मॅडमकडेच, असा त्याचा हट्ट. ती मला सेन्सेई म्हणते. म्हणजे गुरू.

गेल्या रविवारी तिने विचारलं, "सेन्सेई, पप्पांनी तेव्हा साहेबांना जे सांगितलं होतं ना, ते जपानीत कसं म्हणायचं?"

मी सांगितलं. सेन्सर गेलाय, हात आत असला तरी मशीन थांबत नाही, आत्ताच्या आत्ता बंद करा. काहीही मऊ केलं नाही. तिने माझ्यामागून म्हटलं, एका ठिकाणी अडखळली, पुन्हा म्हटलं. तिचं बरोबर आलं. मी मान हलवली.

ते वाक्य जपानीत पहिल्यांदाच बोललं गेलं होतं.