मामांनी वाटून टाकलेल्या वस्तू

ऐकणारा माणूस दिसला की माझ्या अंगात येतं. नकला, हातवारे, गरज पडली तर उभं राहून एक गिरकीसुद्धा. माझे सगळ्यात लाडके श्रोते म्हणजे राजूरचे मामा. मामी गेल्यापासून एकटेच. मुलगा पुण्यात, मुलगी नाशिकला. दर चतुर्थीला गणपतीचं दर्शन घेऊन मी जालन्याला परतण्याआधी त्यांच्याकडे तासभर किस्से रंगवायचो. मामा नेमक्या जागी हसायचे.

एका चतुर्थीला त्यांनी आपला पितळी अडकित्ता माझ्या हातात ठेवला. "घेऊन जा भाचेबुवा. मला काय करायचाय आता." मला ते बक्षीस वाटलं. देवळासमोरच्या हॉटेलात मी तो मिरवलाही.

चहावाला म्हणाला, "तुम्हाला बी? मला छत्री दिली, न्हाव्याला घड्याळ. सगळं वाटून राह्यलेत."

"पुण्य कमवून राह्यलेत," मी म्हणालो.

"कशाचं पुण्य? पारावर येणं बिलकुल बंद. वर्षापासून ऐकूच येत न्हाई त्यांना. लोक हसले की हसायचे, मंग उठून जायचे."

माझा चहा तसाच राहिला. म्हणजे वर्षभर मामा माझ्या तोंडाकडे बघून हसत होते. आणि त्यांचं 'मला काय करायचाय आता' आता मला वेगळंच ऐकू आलं.

मी उलट्या पावली परत गेलो. दार लावलं. जी गोष्ट हळूच विचारायची, ती कानाशी तोंड नेऊन ओरडावी लागली. "मामा, मरायचं मनात येतं का?"

शेजारच्या घरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"येतं," मामा म्हणाले. "रोज येतं. सांगू कुणाला? तू आला की तूच बोलून राह्यतो."

मग ते बोलले. अजून सकाळी हातून दोघांचा चहा टाकला जातो. मुलाच्या फोनवर काही कळत नाही, म्हणून 'हो, हो' म्हणून ठेवून देतात. गुडघ्यांमुळे देऊळही सुटलं. मी गप्प बसलो. आयुष्यात एवढं कठीण काम केलं नव्हतं.

मुक्काम तिथेच केला, मुलाला-मुलीला कळवलं आणि सकाळी मामांना जालन्याला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी खुर्ची मामांच्या कानाजवळ ओढली. "काय होतंय, आजोबा?"

मी सावरून बसलो. "त्याचं असं झालं, डॉक्टर..."

मामांनी माझ्या मांडीवर हात ठेवला. "तू थांब जरा. मी सांगतो."