मामांची अमावास्या

माझ्या मामांइतका चोख माणूस अख्ख्या वडगावात नसेल, आणि आमच्या अंगणात चढलेल्या नाल्याच्या पाण्याने वडिलांच्या जुन्या मोटारीचं जेवढं बिघडवलं नाही तेवढं मामांच्या चोखपणाने बिघडवलं. मामा यंत्रमाग दुरुस्त करतात. जेवायला बसताना ताट आधी भिंतीला समांतर करतात. एका लग्नात तर त्यांनी पाटांची रांग वाकडी म्हणून अख्खी पंगत उठवली होती, नवरदेवासकट. अमावास्येला माग बंद, म्हणून त्या दिवशी ते कुठल्याच हत्याराला हात लावत नाहीत.

पाणी ओसरलं ते नेमकं अमावास्येला. वडील, म्हणजे आप्पा, तेव्हा खिडकीपाशी अंथरुणाला खिळलेले होते. फुप्फुसं थकली होती. गाडीत बसण्याची आशा त्यांनी सोडली होती, फक्त तिचा आवाज एकदा ऐकायचा होता. "पाव्हणं, निदान प्लग काढून आत तेल तरी सोडा. गंज धरंल," ते म्हणाले. "आज हत्यार न्हाय, दाजी," मामा म्हणाले. तिथी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होती, तेव्हा मामांनी दोन्ही दिवस पाळले. तिसऱ्या दिवशी इंजिन फिरेना. चारही पिस्टन गंजून आत चिकटले होते.

मग मामांनी इंजिन उतरवलं. कुठला बोल्ट कुठला हे कळावं म्हणून प्रत्येकाला साडीच्या उरलेल्या सुताची वेगळ्या रंगाची गाठ बांधली, आणि आमची पडवी हळदीकुंकवाला आल्यासारखी दिसू लागली. मच्छे गावातल्या कारखान्यातून सिलिंडर घासून आणले, आत बोट फिरवलं, आणि पसंत नाही म्हणून परत नेले. असं तीनदा. शेवटी तिथला कारागीर म्हणाला, "मामा, ह्याचं इमान करून उडवायचं हाय काय?" मामांनी त्याला तासभर धाग्याच्या ताणाविषयी सांगितलं. आप्पा खिडकीतून खोकत म्हणायचे, "पाव्हणं, मी काय शालू विणाय टाकला न्हाय." मामा हसायचे, आणि दुसऱ्या दिवशी इंजिनच्या सांध्यात घालायचा गॅस्केटचा कागद पुन्हा नव्याने कापायला बसायचे.

बेळगावातला एक मेकॅनिक जुनं चालू इंजिन आठ दिवसांत बसवून देणार होता. मी मामांना विचारलं. "दुसऱ्याच गाडीचा आवाज ऐकवतोस व्हय रं बापाला?" ते म्हणाले. मी पुस्तक उघडून बसलो. आयुष्यभर मी पुस्तकांच्या आड असाच लपत आलो आहे. पिस्टन बसले, कार्ब्युरेटर बसला, आणि फक्त वायरिंग राहिलं असताना एका मंगळवारी सकाळी आप्पा गेले.

बाराव्याची जेवणं उरकल्यावर मामा अंगणात गेले. वायरिंग त्यांनी आदल्या रात्री पुरं केलं होतं. पहिल्याच चावीला इंजिन सुरू झालं. नवं असतानाही ते इतकं गोड चाललं नसेल. आई ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. मामा आप्पांच्या बंद खोलीत शिरले, आतून खिडकी उघडली आणि पुन्हा गाडीजवळ आले.

बारा दिवस मनात घोळवलेलं वाक्य मी तेव्हा बोललो. "मामा, आठ दिवसांत झालं असतं."

"व्हय," ते म्हणाले. एवढंच.

मला वाटलं होतं ते वाद घालतील, आणि मग मला सगळं बोलता येईल. ते मडगार्डवर हात ठेवून, मान खाली घालून उभे राहिले. थोड्या वेळाने मीही शेजारी जाऊन उभा राहिलो. पेट्रोल संपेपर्यंत आम्हा तिघांपैकी कुणीही इंजिन बंद केलं नाही.