अपग्रेडमध्ये हरवलेला ळ

"मॅडम, फाइल नहीं मिल रही," काउंटरवरचे भैया फोनवर रडकुंडीला आले होते.

साकेत नगरातल्या एका खासगी हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर आमची कंपनी सांभाळते. त्याच सकाळी नवीन व्हर्जन लाइव्ह केलं होतं. सॉफ्टवेअर ज्या तयार सांगाड्यावर उभं असतं, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. आमचं इतकं जुनं होतं की बनवणाऱ्यांनी त्याची डागडुजीच बंद केलेली. म्हणजे चोरांना दार उघडं. म्हणून हे अपग्रेड.

मी हॉस्पिटलच्याच वरच्या मजल्यावर बसले होते, खाली धावले. काळे आजी तापाने फणफणल्या होत्या. मुलगा सांगत होता, "आईला एका इंजेक्शनची भयंकर रिअ‍ॅक्शन आली होती. नाव आठवत नाही हो, फाइलमध्ये आहे." ते नाव कळल्याशिवाय डॉक्टर इंजेक्शन देईनात. मुलाने चिठ्ठीवर लिहून दिलेलं 'काळे' भैयांनी टाइप केलं, की स्क्रीनवर 'नो रेकॉर्ड'.

आमच्या सक्सेना सरांचा फोन आला. "पुराना वर्जन वापस डाल दो."

"सर, उसमें दोपहर हो जाएगी."

"टेस्टिंग में तो सब ठीक था ना, पिंगले मॅडम?"

मी पिंगळे. पण अख्खा जन्म भोपाळात गेला आणि इथल्या हिंदीत ळ नाही, म्हणून सगळ्यांसाठी पिंगले. चिडायचं केव्हाच सोडलंय. त्या दिवशी मात्र ते कानाला टोचलं.

"भैया, 'काले' डालिए."

फाइल उघडली. पूर्वी कुणीतरी हिंदी कानाने ऐकून 'काले' असंच नोंदवलं होतं. वरच लाल अक्षरांत इंजेक्शनचं नाव. डॉक्टरांनी ते वगळून दुसरं सुरू केलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

मग जुना कोड काढला. पूर्वी कुणीतरी थेट फ्रेमवर्कच्या आतच एक ओळ घुसडली होती: शोधताना ळ आणि ल एकच समजा. आमच्या धंद्यात हे पाप. सांगाडा बदलला की आत खुपसलेलं सगळं त्याच्याबरोबर जातं. तसंच गेलं. टेस्टिंगमध्ये कळणार कसं? आमचे खोटे पेशंट सगळे शर्मा, वर्मा, तिवारी.

ती ओळ आता आमच्या स्वतःच्या कोडमध्ये आहे, कशासाठी आहे ते वर लिहून. टेस्टच्या यादीत काळे, गोळे आणि पिंगळेही आहेत.

जुन्या कोडमध्ये वेडगळ ओळ दिसली, तर पुसण्याआधी ती कुणासाठी लिहिली होती ते विचारावं. इतकंच शिकले.

संध्याकाळी सरांनी ग्रुपवर हिंदीत मेसेज टाकला: शाबाश, पिंगले मॅडम. म्हटलं, राहू दे. आता सर्चमध्ये सापडेन तरी.