बटण बंद करायची नोकरी

कुडाळात कंप्युटरवर काम करणारा पहिला माणूस मी. काम एवढंच, की तो चालू असला की भिंतीवरचं बटण दाबून बंद करायचा.

हसू नका, पगार होता त्याला. नव्वद साल अजून यायचं होतं. तिसरीत शाळेने मला सोडलं, त्यानंतर काजूच्या कारखान्यात लागलो. तिथे गर सोलण्यापेक्षा मोडलेच जास्त, म्हणून त्यांनीही सोडलं. तेव्हा आमच्या वाडीतल्याच एका शेटने ठेवून घेतलं. कारखान्यांच्या वसाहतीत त्याने एक खोली घेतली होती. दुकानदारांसाठी हिशेबाचे प्रोग्राम फ्लॉपीवर भरून विकायचे, हा धंदा.

शेट म्हणाला, "सध्या रोजावर रव. ह्या फ्लॉपी भरूचा काम पास झाला काय, तुका कायम करतलंय."

कायम! एवढ्या शब्दावर बायकोने माझ्याशी भांडण महिनाभर पुढे ढकललं.

प्रोग्राम लिहायला पुण्याहून एक मॅडम आली होती. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढी. तिने मला समजावलं, "भाऊ, फ्लॉपीत तुकडे एकामागून एक भरले जातात. एक तुकडा नीट बसला की मशीन खूण करतं, इथपर्यंत ठीक. मध्येच काही बिघडलं तर अर्धा तुकडा टाकून देऊन मागच्या खुणेवर परत यायला पाहिजे. तुम्ही बिघडवायचं."

"ते जमेल," मी म्हटलं. एवढ्या खात्रीने मी जन्मात दुसरं काही बोललो नाही.

ती सगळं एकदम तपासायची नाही. भरणारा भाग वेगळा, खूण करणारा वेगळा, मागे फिरणारा वेगळा. एकेकाला बाजूला घेऊन बिघडवून बघायचं. कधी बंद करायचं ते मात्र सांगायची नाही. म्हणायची, "मला आधी कळलं तर त्यात अर्थ नाही. तुमच्या मनात येईल तेव्हा करा." आणि तोंड फिरवून बसायची. मी दाबायचो. परत चालू करायचं. मशीन आमच्या म्हशीसारखं, उठायच्या आधी बराच वेळ नुसतं घुरघुरायचं. मग ती पडद्यावर बघून म्हणायची, "पास." की परत पहिल्यापासून. पंखा एकच, तोही मशीनसाठी. भातकापणीच्या दिवसांतला उकाडा, पाठ भिंतीला चिकटायची. परत दाबा. पास. परत.

घरी बायको विचारायची, "आज काय केलात?"

"बंद केलंय."

"तां तुमी घराकडे पण करतास. थंय पैशे तरी गावतत."

बटण दाबून माणूस दमतो हे कोणाला पटत नाही. दाबण्याने नाही दमत हो, त्याच्या बाजूला उभं राहून दमतो.

सगळं पास होत आलं होतं. शेट माझ्याकडे बघून हसायलाही लागला होता. आणि एका दुपारी मी हात लावायच्या आधीच लाइट गेली.

आली तेव्हा मॅडमने मशीन चालू केलं. पडदा म्हणतो, सगळं ठीक, सगळं भरलंय. फ्लॉपी चालवून बघते तर शेवटचा तुकडा अर्धाच. तिने फ्लॉपी काढून परत घातली, तेच. मग म्हणाली, "भाऊ, तुम्ही बंद कसं करता ते जरा दाखवा."

फ्लॉपीच्या खाचेशेजारी एक लाल दिवा असायचा. तो पेटला म्हणजे मशीन भरतंय. मी बटणावर बोट ठेवून उभा राहिलो. दिवा पेटला. विझला. मी दाबलं.

"दिवा विझेपर्यंत का थांबलात?"

"जेवत्याला उठवू नये, मॅडम."

"काय?"

"ते खात असतं ना तेव्हा. तोंडातला घास संपू दिला. आमच्याकडे वैरी असला तरी पानावरून उठवत नाहीत."

"प्रत्येक वेळी असंच?"

"प्रत्येक वेळी," मी छाती काढून सांगितलं. "एकदापण चुकलो नाय."

मला वाटलं हसेल. तिने टेबलावर कपाळ टेकलं आणि तशीच राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे आपण इतके दिवस काहीच तपासलं नाही." ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

चूक सापडली. मशीन 'ठीक'ची खूण आधी करायचं आणि तुकडा मागाहून बसवायचं.

"म्हणजे जेवायच्या आधीच ढेकर," मी म्हटलं. ती लिहीत राहिली.

तिने ते उलटं केलं आणि सगळं पहिल्यापासून सुरू झालं, ह्या खेपेला लाल दिवा पेटलेला असताना. माझा हात उठेना. डोळे मिटून दाबायला लागलो तर दोनदा पंखाच बंद केला. एक भाग सुधारला की दुसरा फसायचा. फसलं की ती लिहीत बसायची, मी भिंतीला टेकून उभ्या उभ्या डुलक्या काढायचो. नुसतं "दाबा" म्हणायचंही तिला जड झालं होतं, बोट वर करायची. शेवटचं "पास" ती इतकं हळू म्हणाली की मी पुन्हा बटणाकडे हात नेला.

शेट बघायला आला. "चल, माझ्यासमोर बंद कर बघू."

मी हात लुंगीला पुसला. लाल दिवा पेटला. बोट नेलं, टेकणार, तोच लाइट गेली. पंखा हळूहळू थांबला. तिघंही घाम पुसत बसलो. मॅडमचे डोळे मिटलेले.

लाइट आली. मशीन घुरघुरलं, उठलं, अर्धा तुकडा टाकून मागच्या खुणेवर गेलं आणि तिथून पुढे भरायला लागलं. फ्लॉपी पुरी झाली. चालवून बघितली, चालली. शेटने मांडीवर थाप मारली. मॅडमने पिशवी भरायला घेतली, तिला संध्याकाळची एसटी गाठायची होती.

मी अजून बटणाजवळच. "शेटनू," मी म्हटलं, "पास झाला. माझा तां कायमचा..."

शेटने आधी परत फिरायला लागलेल्या पंख्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मेल्या, लाइट रोज आपसूक जाता, तीपण फुकट. तुका पगार कित्याक देऊ?"