जागेस इजा न करता

माझ्या सासऱ्यांनी ती भट्टी स्वतःच्या हातांनी बांधली होती आणि स्वतःच फोडली. बांधायला त्यांना दीड महिना लागला, फोडायला अर्धा दिवस. त्या अर्ध्या दिवसात दोन माणसं कायमची अधू झाली. त्यातल्या एकाला मी अधू केलं.

लग्न होऊन मी सायखेड्याहून नाशिकरोडला आले तेव्हा बेकरी सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. सासऱ्यांना मी मामा म्हणायची. तरुणपणी ते देवळाली कॅम्पात लष्कराच्या बेकरीत लागले, आधी लाकडं फोडायला, मग पीठ मळायला, शेवटी भट्टीपुढे. ती बेकरी मोडीत निघाली तेव्हा तिच्या तळाच्या पांढऱ्या भाजक्या विटा त्यांनी साहेबाकडून मागून आणल्या आणि कितीतरी वर्षं घरात खाटेखाली रचून ठेवल्या. त्यांना आम्ही कॅम्पाच्या विटा म्हणायचो. साधी वीट त्या धगीने वर्षभरात भुगा होते, ह्यांना काही होत नसे.

जागा मिळाली ती एका शेठच्या घराला लागून असलेल्या गोठ्याची. गुरं विकल्यावर तो रिकामा पडला होता. आम्ही बौद्ध. त्या गल्लीत आम्हाला राहायला कोणी खोली दिली नसती, पण गोठा दिला, दहा वर्षांच्या कराराने. शेठने एक अट तोंडी घातली, की पाटीवर त्यांचं आडनाव असावं. "गिऱ्हाईक येईल," ते म्हणाले. मामांनी मान डोलावली. शेणाची जमीन उकरून शहाबादी फरशी घातली, पत्रे बदलले, शटर बसवलं, धुराडं उभं केलं. भट्टीचा तळ मामांनी एकट्याने भरला. खाली वाळू, वाळूत मीठ आणि फुटक्या बाटल्यांच्या काचा, म्हणजे ऊब धरून राहते, आणि त्यावर कॅम्पाच्या विटा. भट्टीची पाठ शेठच्या घराच्या भिंतीला टेकवली होती. पलीकडे त्यांचं स्वयंपाकघर. हिवाळ्यात शेठची बायको त्या भिंतीवर ओले कपडे वाळवायची.

आणीबाणी उठल्यानंतरच्या वर्षी मुदत भरत आली. दोन महिने राहिले असताना शेठ दुकानात आले.

"पाववाले, पुढे मला जागा द्यायची नाही. माझा भाचा इथे बेकरी टाकणार आहे."

"टाकू द्या की," मामा म्हणाले. "आम्ही आमचं घेऊन जातो."

"शटर न्या, फळ्या न्या, फरशी उचलायची तर उचला. भट्टी राहील. ती सामान नाही, इमारत आहे."

 संध्याकाळी मामांनी पेटीतून करार काढला आणि माझ्या नवऱ्याला वाचायला लावला. त्यात लिहिलं होतं, भाडेकरूने स्वतः बसवलेल्या वस्तू मुदत संपल्यावर जागेस इजा न करता काढून न्याव्यात.

"म्हणजे न्यायची," मामा म्हणाले.

"इजा न करता, दादा," नवरा त्यांना म्हणाला. "मागची भिंत धरूनच भट्टी उभी आहे. काढली की भिंत जाणार. राहू द्या. सातपूरला जागा मिळतेय, तिथं नवी बांधू."

"कॅम्पाच्या विटा कुठून आणशील?"

"विटाच आहेत त्या."

मामांनी त्यांच्या थोबाडीत मारली. माझा नवरा तेव्हा तिशीचा होता, दोन मुलींचा बाप. गालावर बोटं उठली. त्यांनी कराराची घडी घातली, पेटीत ठेवली आणि बाहेर जाऊन उभे राहिले. मी त्या घरात आल्यापासून कोणी कोणावर हात टाकलेला पाहिला नव्हता. त्या थोबाडीत मारण्याने घरात काहीतरी सैल झालं असं मला आता वाटतं.

शेवटचा पाव काढल्यावर विस्तव ओढून घेतला, तरी भट्टी तीन दिवस निवत होती. चौथ्या दिवशी सकाळी मामांनी आत हात घातला आणि म्हणाले, "चला." मुलींना शेजारणीकडे ठेवून आम्ही तिघं कामाला लागलो. आधी फळ्या आणि पत्र्याचे ट्रे हातगाडीवर चढवले, मग शटर सोडवून काढलं. पाटी मामांनी स्वतः काढली. शेठ ओट्यावर बसले होते. त्यांच्यापुढे ती टेकवून मामा म्हणाले, "ही तुमची हाय. ठेवा."

मग त्यांनी घण घेतला.

पहिल्या घावाला धुराड्याचं बूड हललं आणि आमच्या अंगावर काजळीचा लोट आला. दुसऱ्या-तिसऱ्या घावाला भट्टीचं तोंड फुटलं. पत्र्यांखाली आवाज इतका घुमत होता की प्रत्येक घावाला माझे दात वाजत. शेठ धावत आले. त्यांच्या मागे त्यांचा मुलगा, पंचविशीचा, तालमीत जाणारा. त्याच्या हातात पहार होती.

"थांब," शेठ म्हणाले. दहा वर्षं ते मामांना तुम्ही म्हणत आले होते. "हात लावू नकोस त्या भट्टीला. लोकांनी तुझ्या हातचा पाव खाल्ला तो माझ्या नावावर. पाटीवर तुझं नाव असतं, तर कुत्र्याने हुंगला नसता."

मामांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी घण उचलला आणि मागच्या भिंतीवर घातला, जिथे मारायची काहीच गरज नव्हती. पलीकडे भांडी पडल्याचा आवाज झाला. करार, इजा, विटा, सगळं तिथेच संपलं. ते आता भिंत फोडत होते.

त्यांनी घण पुन्हा उचलला तेव्हा शेठच्या मुलाने पहार फिरवली. ती मामांच्या उजव्या हाताला कोपराखाली लागली. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. घण खाली पडला. मामा ओरडले नाहीत, नुसते हाताकडे बघत राहिले. तो नको तिथून वाकला होता.

माझा नवरा त्या मुलावर धावून गेला. आयुष्यात कधी मारामारी न केलेला माणूस. दोघं भट्टीच्या फुटक्या तोंडापाशी पडले, सांडलेल्या वाळूत आणि काचांत. पहार बाजूला गेली. शेठचा मुलगा वर आला आणि त्याने दोन्ही हातांनी माझ्या नवऱ्याचा गळा धरला. नवऱ्याच्या पाठीत काचा रुतत होत्या, पाय झाडले जात होते, फरशीवर टाचा घासल्याचा आवाज येत होता. शेठ "सोड, सोड त्याला" म्हणत होते. नवऱ्याचं तोंड काळंनिळं पडत चाललं.

मी कॅम्पाची एक वीट उचलली. ती साध्या विटेपेक्षा बरीच जड असते. मुलाने मान वळवली आणि त्याच वेळी ती मी त्याच्या तोंडावर घातली. त्याचे हात सुटले. तो गुडघ्यांवर मागे बसला, तोंड उघडं, खालचा दात एक बाहेर आलेला. त्याने माझ्याकडे पाहिलं. तो आता काहीच करत नव्हता. मी पुन्हा मारलं. ह्या वेळी जबडा गेल्याचं मला हातात जाणवलं.

दुसऱ्यांदा का मारलं हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. उत्तर चांगलं नाही. पहिल्यांदा मारताना मी घाबरले होते. दुसऱ्यांदा मला बरं वाटत होतं.

तेवढ्यात मागून मोठा आवाज झाला. मामांनी डाव्या हाताने पहार घेऊन भट्टीच्या कमानीत खुपसली होती. अख्खी कमान आत बसली आणि तिच्याबरोबर भिंतीचा दरवाजाएवढा भाग कोसळला. खोली धुळीने भरली. धूळ बसली तेव्हा भगदाडातून शेठचं स्वयंपाकघर दिसू लागलं. स्टोव्हवर दूध उतू जात होतं आणि शेठची बायको हातात सांडशी धरून आमच्याकडे बघत होती.

ती विटांवरून चालत ह्या बाजूला आली. दहा वर्षांत तिने आमच्या दुकानात पाऊल टाकलं नव्हतं. मुलापाशी बसून तिने पदर त्याच्या तोंडाशी लावला, तो लगेच भिजला. मग ती उठली आणि माझ्या तोंडात मारली. एकदा, आणि परत एकदा, जोरात. माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली. मी हात वर केला नाही. वीट अजून माझ्या हातात होती, ती मी खाली टाकली.

"पाणी आण," ती म्हणाली.

मी आमच्या माठातून तांब्या भरून आणला. तिने तो घेतला आणि मुलाचं तोंड धुतलं. माझ्या नवऱ्याला खोकल्याची उबळ येत होती. शेठ भिंतीच्या भगदाडाकडे बघत मटकन खाली बसले होते. गल्ली दारात जमली होती आणि कोणी आत येत नव्हतं.

एकाच टांग्यातून मामांना आणि शेठच्या मुलाला सरकारी दवाखान्यात नेलं, कारण दुसरा टांगा नव्हता. दोघं समोरासमोर बसले होते. मामांचा हात माझ्या साडीच्या तुकड्यात बांधला होता, मुलाच्या तोंडातून लाळ आणि रक्त गळत होतं. 

चौकीत दोन्हीकडून तक्रारी लिहिल्या गेल्या. फौजदाराने करार वाचला आणि "इजा न करता" ह्या शब्दांवर तो हसला. मग मला विचारलं, "बाई, किती वेळा मारलं?"

"एकदा," मी म्हणाले. "तो ह्यांचा जीव घेत होता."

माझ्या नवऱ्याच्या गळ्यावर बोटांचे वळ होते, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. नवरा शेजारी उभा होता. ते जमिनीकडे बघत राहिले.

शेवटी तडजोड झाली. दोघांनी तक्रारी मागे घ्यायच्या आणि भिंत आम्ही बांधून द्यायची. माझ्या नवऱ्याने ती एकट्याने बांधली, आठ दिवस. शेठच्या भाच्याने तिथे बेकरी टाकली नाही. पुढे त्या गोठ्यात सायकलीचं दुकान निघालं. ढिगाऱ्यातून कॅम्पाच्या धड विटा जेमतेम अर्ध्या निघाल्या. सातपूरला भट्टी बांधली तिच्या तळाला त्या पुरल्या नाहीत, बाकी विकतच्या घातल्या. मामांचा हात वाकडा जुळला, त्यात जोर राहिला नाही. ते पुन्हा भट्टीपुढे उभे राहिले नाहीत. त्यांच्या जागी मी उभी राहिले. कारखान्यांच्या पहिल्या पाळीला पाव पुरवणारी बाई म्हणून सातपूरला मला सगळे ओळखू लागले.

पाच-सहा वर्षांनी मी माहेरी सायखेड्याला निघाले होते. बसमध्ये खिडकीपाशी जागा होती, तिथे बसल्यावर शेजारचा माणूस कोण ते दिसलं. शेठचा मुलगा. अंगाने सुटला होता. जबडा डावीकडे सरकलेला, त्यामुळे ओठ पुरते मिटत नव्हते. मी उठायला लागले.

"बसा," तो म्हणाला. शब्द अर्धे आतच राहत होते. "मलाही उतरायचं नाही अजून."

 आडगाव मागे पडल्यावर तो समोर बघतच म्हणाला, "पहिल्यांदा लागल्यावर मी सोडलं होतं."

"हो," मी म्हणाले.

"चौकीत एकदाच सांगितलंत."

"हो."

"मी महिनाभर पाण्यासारखी पेज प्यायलो. बोलता यायला लागलं तोवर तडजोड झाली होती." त्याने रुमालाने ओठ पुसले. "तुमच्या सासऱ्यांचा हात कसा आहे?"

"वाकडा."

त्याने मान हलवली. माफी त्याने मागितली नाही, मीही नाही. त्याचं ठिकाण आलं तेव्हा तो माझ्या पिशव्यांना धक्का न लावता बाजूने उतरला.

दोन दिवसांनी सातपूरला परतल्यावर मी सगळं नवऱ्याला सांगितलं. आम्ही जेवायला बसलो होतो, मामाही होते.

"मला तेव्हाच माहीत होतं," नवरा म्हणाला. "माझ्या गळ्यावरचे हात निघाले होते."

"मग कधी बोलला नाहीत?"

"काय बोलणार?"

मामा डाव्या हाताने भाकरी मोडत होते. त्यांनी वर न बघताच म्हटलं, "अजून एक घालायची व्हतीस."

मी त्यांच्यापुढचं ताट उचललं आणि आत नेऊन ठेवलं. त्यांची अर्धी भाकरी राहिली होती.