त्या मशीनवर कोण होतं

दोन वर्षांच्या कंत्राटावर मी इस्रायलमध्ये, पेताह तिक्वाच्या एका ऑफिसात होतो. तिथल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मी एक क्वेरी लिहिली होती. मशीनचा नंबर टाकला की त्यावर आत्ता कोण लॉग-इन आहे ते कळायचं. शिवाय डिरेक्टरीतून त्या माणसाचं नाव, खातं, फोन, त्याचा साहेब कोण, सगळं हजर. काय मिरवलो होतो मी तेव्हा!

रेकॉर्ड खात्यात एक मावशी होत्या. बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू, लग्नानंतर अलिबागेहून तिकडे गेलेल्या. मराठी बोलायला कुणी मिळालं म्हणून माझ्यावर भारी जीव. "पोरा, आईला फोन केलास का?" हे रोजचं. सकाळी सगळ्यांआधी त्या यायच्या, लॉग-इन करायच्या आणि मग दिवसभर खात्यातले चौघेही त्याच मशीनवर, त्यांच्याच नावानं काम करायचे. सारखा पासवर्ड कोण टाकत बसणार! हे मला ठाऊक होतं. त्यांच्याकडे चहा पिताना कितीदा तरी पाहिलं होतं.

एका दुपारी त्या मशीनवरून एका गिऱ्हाइकाचे खासगी कागद बाहेर गेले. आमचे साहेब तणतणत आले, "आत्ता कोण आहे त्याच्यावर?" मी क्वेरी चालवली, मावशींचं नाव आलं, छापून दिलं. 'तिथं चौघे बसतात हो,' एवढंच बोलायचं होतं. पण मग साहेब म्हणाले असते, तुझी क्वेरी काय कामाची? मी मिठाची गुळणी धरून बसलो.

चौकशीला जाण्याआधी मावशी माझ्याकडे आल्या. निवृत्तीला एक वर्ष उरलेलं, आणि नोकरी जाणार हे त्यांना कळत होतं. "मी तवा खाली टपाल आणाया गेली होती, पोरा. तू मशीनचा मास्तर. तू सांग ना त्यांना."

"मावशी, कॉम्प्युटरवर तुमचंच नाव येतंय," मी म्हटलं. मेल्याहून मेल्यासारखं होतं आजही ते आठवलं की.

"असं?" मावशी म्हणाल्या. "मग माझ्याच हातून झालं असंल. तू कशाला खोटं सांगशील?"

आणि आत जाऊन त्यांनी चूक आपलीच म्हणून सही केली.